आईची वेल आणि आमचा तंबू

बाजीराव पेशव्यांनी १७३७ च्या डिसेंबरात निजामाला भोपाळजवळ कोंडले आणि पुढल्या जानेवारीत दोराह्याला त्याच्याकडून तह लिहून घेतला. त्यानंतर मराठी माणसाने या शहरात तंबू ठोकल्याची लक्षात ठेवण्याजोगी घटना थेट आमच्या मागल्या खोलीत घडली, असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. तंबू चार फूट लांब, चार फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच. बाहेरून काळा, आतून आरशासारखा चकचकीत. आत एक दिवा, हवा बाहेर ओढणारा एक पंखा, पाण्याचे तुषार सोडणारे एक यंत्र आणि भिंतीला टांगलेले तापमान व आर्द्रता दाखवणारे घड्याळवजा साधन. हा सारा सरंजाम बंगळूरच्या चिरंजीवांनी धाडला. आणि या सरंजामात राहते कोण, तर कुंडीतली एक नागवेल.

खिडकीतून रात्री जांभळट उजेड दिसू लागला तेव्हा शेजारच्या वकीलसाहेबांनी आम्हाला जिन्यात गाठून, अत्यंत मृदू आवाजात, आपण नक्की काय पिकवता, असे विचारले. विड्याची पाने, हे उत्तर त्यांना पटले नसावे. त्यांचेही चुकले नाही. जर्दा, पर्दा आणि गर्दा यांसाठी नावाजलेले हे शहर. सुपारीसाठी जरीचे बटवे शिवणारे. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर पान मिळते. मग सत्तरी ओलांडलेल्या माणसाने विजेचे बिल वाढवून पान पिकवावे कशाला?

त्याचे कारण १९५६ पर्यंत मागे जाते. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, रीवा अशा चार दिशांनी कचेऱ्या उठून भोपाळला आल्या. नागपूरच्या सचिवालयातल्या फायलींबरोबर आमचे वडीलही आले. आई रामटेकची. रामटेकच्या बारयांचे पानमळे तिने लहानपणापासून पाहिलेले. तात्या टोपे नगरातले क्वार्टर मिळाल्यावर पहिल्यांदा माहेरी गेली ती येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला कपुरी पानाच्या वेलीचा तुकडा घेऊन आली. वडिलांची बदली पुन्हा नागपूरला होईल, या आशेवर तिने बरीच वर्षे काढली असावीत. वेल मात्र पहिल्याच पावसाळ्यात इथली झाली.

ती होती न्हाणीघरामागे. साबणाचे पाणी तिला लागू नये म्हणून आईने मोरीची नाली दोन विटा लावून वळवली होती. वर कडुनिंबाची सावली, पाठीशी सदा ओलसर भिंत. चैत्र सरला की पश्चिमेकडून वाळ्याची ताटी उभी राही आणि तिच्यावर दिवसातून तीनदा तांब्याने पाणी पडे. मार्गशीर्षात ताटीच्या जागी गोणपाट येई. पावसाळ्यात तर आई सारे आडोसे काढून टाकी आणि जमिनीला टेकलेली पानेही खुडून टाकी. कधी कधी ती एखादे पान गालाला लावून पाही. या हालचालींना आम्ही बायकांची हौस समजत आलो. आमच्याकडे भौतिकशास्त्राची पदवी होती.

पुढे आई गेली, क्वार्टर सोडावे लागले, आणि वेल एका जुन्या डब्यातून कोलारकडच्या चौथ्या मजल्यावर आली. आमच्या सज्जाचे तोंड पश्चिमेला. पहिल्याच मे महिन्यात सगळी पाने कडेकडेने करपली. जानेवारीत शेंडे काळे पडले. दोन वर्षांत वेल हातभर उरली. मग आला तंबू.

तंबूची कल्पना वाटते तेवढी नवी नाही. नॅथॅनिअल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टराला १८२९ साली एका झाकलेल्या बाटलीतल्या ओल्या मातीत, काहीही न करता, नेचे उगवलेले दिसले. दिवसा मातीतून उडणारी वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते, हे त्याने ओळखले आणि काचेच्या बंद पेट्या बनवल्या. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने पुढे चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आणली. आपण सकाळी जो चहा घेतो त्यात या पेटीचा वाटा आहे. पण वॉर्डच्या पेटीत दिवाही नव्हता आणि पंखाही नव्हता. या दोघांनीच आम्हाला घोळात घेतले.

घोळ असा. दिवा शंभर वॅटचा. त्याची वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. तापमान वाढले की पंखा जोरात लावायचा. पंखा उष्णता बाहेर काढतो, पण तिच्याबरोबर ओलही नेतो. मग तुषारयंत्र चालवायचे. तंबूत हवा असते जेमतेम तीन घनमीटर. पंचवीस अंशांवर तिची आर्द्रता साठ टक्क्यांवरून सत्तरवर न्यायला सात ग्रॅम पाणी, म्हणजे दीड चमचा, पुरते. पंखा मात्र ती सगळी हवा मिनिटा-दोन मिनिटांत बदलून टाकतो. आम्ही दीड-दीड चमचा पाणी भोपाळच्या उन्हाळ्याला अर्घ्य म्हणून देत होतो.

इथे थोडे गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. बेचाळीस अंशांची हवा दर घनमीटरला छप्पन ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. दहा अंशांची नऊ-साडेनऊ. मेच्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता पंधरा टक्के असते, तेव्हा त्या हवेत वाफ असते साडेआठ ग्रॅम. जानेवारीच्या धुक्यातल्या पहाटे, दहा अंशांवर नव्वद टक्के, तेव्हाही वाफ साडेआठच ग्रॅम. ज्या हवेने आपले ओठ फाटतात आणि ज्या हवेने चष्म्यावर दव साचते, तिच्यातले पाणी एकच. फरक तेवढा तापमानाचा. तेव्हा टक्क्यांचा आकडा एकटा काही सांगत नाही, आणि तापमानाला हात लावल्यावर आर्द्रता जागची हलणार नाही, हे तर संभवतच नाही. पदवीच्या वर्गात हे आम्ही शिकलो होतो. शिकलेले घरात यायला पन्नास वर्षे लागली.

पहिला उन्हाळा कसाबसा निभला. संकट आले ऑगस्टमध्ये. बाहेर झड लागलेली, भिंतींना ओल, आणि आमचे साधन दाखवी अडुसष्ट टक्के. वेलीला पंचाहत्तर हवेत, म्हणून आम्ही तुषारयंत्र चालू ठेवले आणि पावसाळी थंड वारा नको म्हणून पंखा जवळजवळ बंद केला. रात्री दिवा मालवला की चेन लावून निश्चिंत झोपायचे. आठवड्याभराने चेन उघडली तेव्हा कुबट वास आला. तंबूच्या आतल्या अंगाला घामासारखे थेंब होते, पानांवर तेलकट काळे डाग, आणि बुडाशी खोड काळे पडून मऊ झालेले. पानमळेवाले याला मर म्हणतात. तो आणणाऱ्या फायटॉफ्थोराची बीजे पाण्याच्या पातळ थरातून अक्षरशः पोहत जातात. पोहायला तळे आम्हीच बांधून दिले होते.

चिरंजीवांनी फोनवर विचारले, ‘‘बाबा, साधन तपासलं होतं का?’’ तपासायचे कसे, तर मिठाने. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, ओला रांधा होईल इतकेच पाणी घालायचे, आणि ते साधनासह घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवायचे. आतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन ठरते. मिठाचा तो स्वभावच आहे. सकाळी डबा उघडला तर आमचे साधन सदुसष्ट दाखवत होते. म्हणजे आम्ही पंचाहत्तर समजत होतो तेव्हा खरे त्र्याऐंशीच्या घरात होते, आणि अठ्ठावीस अंशांची एवढी दमट हवा रात्री तीन-साडेतीन अंश जरी निवली तरी तिचे दव होते. दिवा मालवून आम्ही रोज नेमके तेच करत होतो.

वेलीच्या शेंड्याकडे तीन पेरांचा एक तुकडा हिरवा सापडला. तो कापून धुतलेल्या वाळूत खोचला. त्या रात्री आम्ही जेवलो नाही, हे सौभाग्यवतींनी कोणाला सांगितले नाही, म्हणून आम्हीच सांगतो. साठाहून अधिक वर्षे आईने जी जगवली, ती आम्ही यंत्रे लावून मारली होती.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथात बारयांवर एक प्रकरण आहे. त्यात वेलीच्या जन्माची कथा येते. युद्ध जिंकलेल्या पांडवांना विडा हवा झाला, पान पृथ्वीवर कुठे मिळेना, तेव्हा दूत पाताळात नागांच्या राणीकडे गेला. तिने आपल्या करंगळीचे पहिले पेर कापून दिले; ते मातीत लावताच त्याची वेल झाली. म्हणून ती नागवेल. बोटाच्या सांध्याला आणि वेलीच्या गाठीला मराठीत एकच शब्द आहे, याकडे आमचे लक्ष वाळूतल्या त्या तुकड्याने वेधले.

ऑक्टोबरात आम्ही छतरपूरकडे महाराजपूरला गेलो. आपल्याकडचा पानमळा शेवरी-पांगाऱ्याच्या जिवंत झाडांवर चढतो, सावलीही तीच झाडे देतात. बुंदेलखंडातली हवा त्याहून कडक, म्हणून तिथे बरेजा असतो. बांबूंचा सांगाडा, वर गवताचे विरळ छत, चहूबाजूंनी गवताच्याच भिंती. आत माणूस उभा राहू शकेल एवढीच उंची. पायताण बाहेर काढून शिरायचे. बाहेर ऑक्टोबरचे ऊन भाजत होते आणि आत पाऊल टाकताच आम्हाला आमच्या न्हाणीघरामागचा वास आला.

बरेज्याचे म्हातारे मालक सारे हिंडवून दाखवत होते. पश्चिमेची भिंत पुबेच्या दुप्पट जाड, कारण लू तिकडून येते. उन्हाळ्यात खांद्यावर घडा घेऊन ओळींमधून चालत दिवसातून तीन-चार वेळा पाणी शिंपायचे. पावसाळ्यात छत आणि भिंती पातळ करायच्या. पाल्याच्या दिवसांत पुन्हा जाड. संध्याकाळी पाने भिजवायची नाहीत, कारण रात्रभर ओली राहिली की मर शिरते. आम्ही त्यांना तंबूविषयी सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि एकच विचारले, त्याला पश्चिम कुठल्या बाजूला आहे? आम्ही हसलो, तंबूला कसली पश्चिम? परतीच्या गाडीत सागर येईपर्यंत ते हसू विरले. तंबू आम्ही खोलीच्या पश्चिम भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि ती भिंत उन्हाळ्यात मध्यरात्रीपर्यंत तव्यासारखी तापलेली असते.

आता तंबू पूर्वेच्या भिंतीशी आहे. एप्रिलपासून त्याची हवेची नळी खिडकीतल्या कूलरसमोर येते. बेचाळीस अंशांची कोरडी हवा वाळ्याच्या जाळीतून सव्वीस-सत्तावीसची होऊन, शिवाय भिजून, आत जाते. तुषारयंत्राची गरजच उरत नाही. पाऊस लागला की कूलर बंद. ऑगस्टच्या हवेला तो एक-दीड अंशापलीकडे निववू शकत नाही, ओल तेवढी वाढवतो. तेव्हा पंखा मंद पण अखंड, आणि साधनाच्या आकड्यात आठ मिळवून वाचायचे. दिवा आम्ही संध्याकाळी लावतो आणि सकाळी मालवतो. उन्हाळ्यात त्याची उष्णता दिवसाच्या उन्हात भर घालत नाही, हिवाळ्यात तीच पहाटेचा गारठा अडवते, आणि दव पडायला थंड रात्र मिळतच नाही. वेलीसाठी रात्रीचा दिवस करणे म्हणतात ते हे. शंभर वॅटही जास्त होते. वेल सावलीतली, तिला निम्मा उजेड पुरतो.

तीन पेरांच्या त्या तुकड्याला यंदा भाद्रपदापर्यंत अकरा पाने आली. महालक्ष्म्यांच्या दिवशी सौभाग्यवती चेन उघडून उभ्या राहिल्या आणि विड्यासाठी दोन पाने मागू लागल्या. आम्ही सुचवले, बाजारातून आणू या. अकरातून दोन म्हणजे फार होतात. ‘‘सासूबाई असत्या तर मागत बसल्या असत्या का?’’ असे म्हणून त्यांनी वाकून बुडाजवळची, मातीला टेकलेली दोन पाने खुडली, पदराने पुसली आणि देवघरात गेल्या.

रात्री दिवा लावायला गेलो. खालची पाने गेल्याने बुडाशी वारा खेळू लागला होता. साधनावरचा आकडा, आठ मिळवून, अठ्ठ्याहत्तरचा चौऱ्याहत्तर झाला होता. वेलीच्या शेंड्याशी, अजून उलगडायचे होते असे, बारावे पान होते.