कोंबड्यांची गाडी: काही टिपणे

भांडुपला रविवार असो की गटारी, कोकणनगर-टेंबीपाड्यात कोंबडी-वड्यांचा बेत ठरलेला. गिऱ्हाईक यायच्या आत दुकानातले पिंजरे भरलेले हवेत. पक्षी येतात रायगड, पुणे, नाशिक आणि शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या फार्मांवरून. गाडी रखडली की सगळे ट्रॅफिकला बोल लावतात. पण पुष्कळदा उशिराची सुरुवात शेडमध्येच झालेली असते.

*

पकडणी रात्री करतात, कारण अंधारात कोंबडी शांत असते. पकडणारी टोळी एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर जाते. पहिल्या ठिकाणी माणसे कमी पडली की पुढचे सगळे मागे पडते. मग कॅरेट काट्यावर चढवा, वजन लिहा, गाडीत रचा. वजनावरून वाद झाला तर तेवढा अंधार वाया जातो आणि गाडी उन्हात निघते.

*

उचलीआधी काही तास खाद्य बंद करतात. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक तासाला वजन घटत जाते. फार्मवरचा काटा एक सांगतो, भांडुपचा दुसरा. ही घट कोणी सोसायची, यावर फोनवर भांडणे होतात. ज्याचे वजन घटले त्या जिवाला तहान लागली असेल, हे त्या बोलण्यात कुठेच येत नाही.

*

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. उकडले की चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा मुख्य उपाय. गाडी पळत असते तोवर कॅरेटांतून वारा खेळतो. थांबली की मधल्या थरांत उष्णता आणि दमटपणा कोंडतो, आणि तिथेच मरतुक होते. म्हणून गाडी किती उशिरा आली याच्याइतकेच ती उन्हात किती वेळ उभी होती हेही विचारायला हवे.

*

उभी राहण्याच्या जागा: कसारा घाट किंवा बोरघाटात बंद पडलेल्या ट्रेलरमागे, भिवंडी बायपासच्या खड्ड्यांत, माजिवड्याला. गर्दीच्या तासांत जड वाहनांना बंदी असते. ती वेळ गाठली नाही तर मोठी गाडी शहराबाहेरच अडकते. मुलुंड नाका ओलांडला की लालबहादूर शास्त्री मार्ग, आणि त्यावर मेट्रो ४चे काम.

*

एक थांबणे मात्र रास्त आहे: बर्ड फ्लूच्या साथीतले. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला सापडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीतही आढळला. अशा वेळी बाधित भागातली ने-आण बंद होते, आणि ती व्हायलाच हवी.

*

जनावरांच्या वाहतुकीचे नियम १९७८चे. २००१च्या दुरुस्तीने त्यांत कोंबड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. वाटेत दाणा-पाण्याची सोय करण्याचे बंधनही आले. ते पाळले जाते का, हे नाक्यावर कोणीतरी पाहायला हवे.

*

करण्यासारखे बरेच आहे. पकडणी लवकर सुरू करून उजाडायच्या आत घाट उतरावा. कोंडी सुटताना जिवंत पक्ष्यांची गाडी आधी सोडावी. थांबावेच लागले तर सावलीत थांबावे. उन्हाळ्यात प्रत्येक कॅरेटमध्ये दोन पक्षी कमी भरावेत. त्याने फेरी महाग पडेल. तो वाढीव खर्च शेतकरी आणि ड्रायव्हरवर न टाकता आपण खाणाऱ्यांनी किलोमागे थोडा जास्त भाव देऊन उचलावा, असे मला मनापासून वाटते.