मरणाच्या हाती हात

भगिनींनो, प्रवासाच्या पानावर हा कसला अभद्र मथळा, असं म्हणून पान उलटू नका. आज तुम्हांला घेऊन जायचं आहे ते एका चिमुकल्या चर्चमध्ये. गावाचं नाव ह्रास्तोव्हल्ये. उच्चार पहिल्या खेपेला जमला नाही तरी बिघडत नाही! हे खेडं आहे स्लोव्हेनियात, कोपर बंदराच्या मागच्या डोंगराळ भागात. (कोपर हे गावाचं नाव, हाताचं नव्हे बरं का.) १९९१ पर्यंत हा मुलूख युगोस्लाव्हियात मोडत असे.

लांबून पाहाल तर चर्च दिसतच नाही. दिसतो तो गढीसारखा दगडी तट आणि त्याच्यावरून डोकावणारा घंटेचा मनोरा. सोळाव्या शतकात तुर्कांच्या स्वाऱ्यांची धास्ती होती, म्हणून देवाभोवतीसुद्धा कोट बांधावा लागला. आत शिरल्यावर घटकाभर गप्प उभं राहावं. डोळे अंधाराला सरावले की भिंती उजळू लागतात. छतापासून खालपर्यंत नुसती चित्रंच चित्रं! विश्वाची उत्पत्ती, बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले तीन राजे, बारा महिन्यांची शेतीवाडीची कामं. कास्तव गावच्या योहान नावाच्या चित्रकारानं १४९० साली हे सगळं रंगवलं. तेव्हा लिहिणं-वाचणं येणारे थोडे, त्यामुळे भिंत हीच गावाची पोथी.

आणि दक्षिणेकडच्या भिंतीवर आहे ते चित्र, ज्यासाठी लोक एवढी वाट वाकडी करून येतात. अकरा माणसं रांगेनं चालली आहेत आणि प्रत्येकाचा हात धरून एकेक सांगाडा. रांगेच्या टोकाला सिंहासनावर साक्षात मृत्यू बसलेला. तोही सांगाडाच. शेजारी कुदळ-फावडं आणि उघडी खाच. आपला यम रेड्यावर बसून न्यायला तरी येतो. हा जागचा हलत नाही. गंमत म्हणजे स्लोव्हेन भाषेत मृत्यू स्त्रीलिंगी आहे. तेव्हा ‘हा’ म्हणावं की ‘ही’, तुम्हीच ठरवा.

रांगेत सगळ्यांत पुढे कोण असेल? पोप! त्याच्यामागून राजा, राणी, मोठमोठे धर्माधिकारी. एक धनिक पैशाची थैली पुढे करून बघतो, पण इथं चिरीमिरी चालत नाही. त्याच्याही मागे कुबडीवाला भिकारी. आणि सगळ्यांत शेवटी, पाळण्यापाशी, एक लहान मूल.

बाईमाणसाचे डोळे त्या मुलापाशीच अडकतात. राजा नि भिकारी एका रांगेत, हे ऐकायला बरं वाटतं. कुठंतरी न्याय झाल्यासारखं वाटतं. पण त्या मुलाचा कसला हिशेब चुकता करायचा होता? १३४७ साली युरोपात प्लेगची मोठी साथ शिरली आणि चार-पाच वर्षांत निदान तिसरा हिस्सा माणसं गेली. पुढेही ती पुन्हा पुन्हा येत राहिली. पाळणा रिकामा होणं हे त्या काळी घरोघरचं दुःख होतं. त्या बायका रविवारी प्रार्थनेला याच भिंतीसमोर उभ्या राहत असणार. चित्रकारानं मुलाला वगळलं असतं तर त्यांना ते खोटंच वाटलं असतं, असं मला वाटतं. सांगाडेही बघा: दात विचकून कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत. वाट दाखवायला आल्यासारखे हात धरून चालले आहेत. मला तरी हे चित्र भीतिदायक वाटत नाही.

पुढे या चित्रांवर चुन्याचे लेप चढले आणि लोक त्यांना विसरूनही गेले. १९४९ मध्ये योझे पोहलेन या शिल्पकारानं ती शोधून काढली. चुन्यानं झाकलं म्हणायचं की चुन्यानंच जपलं!

अशी चित्रं युरोपात अनेक ठिकाणी होती. पॅरिसच्या एका दफनभूमीच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये असंच मोठं चित्र काढलं होतं. ती भिंत १६६९ साली पाडली. त्यात सगळे पुरुषच. गुयो मार्शां नावाच्या छापखानेवाल्यानं १४८५ मध्ये त्या चित्राच्या धर्तीवर पुस्तक काढलं. ते इतकं खपलं की दुसऱ्याच वर्षी त्यानं खास बायकांचं पुस्तक छापलं. त्यात राणी आणि सरदारीण तर आहेतच. पण नवी नवरी आहे, गरोदर बाई आहे, विधवा आहे, दूध पाजणारी दाई आहे, मोलकरीण आहे, खेड्यातली कष्टकरी बाई आहे. म्हणजे तुमच्याआमच्यासारखीला मरणाच्या पंगतीत पान मांडलं गेलं ते पुस्तकाच्या धंद्यामुळे! ह्रास्तोव्हल्येच्या भिंतीला रंग लागायला तेव्हा अजून चार वर्षं होती, पण तिथं ही बातमी पोचलेली दिसत नाही. अकराजणांत बाई एकच, ती राणी. पाळण्यातल्या त्या मुलाची आई चित्रात कुठंच नाही.