डोंगरातलं लग्न आणि तीस दिवसांची नोटीस

‘पळून जाऊन लग्न’ हे शब्द आपल्या वस्तीत कुणी उच्चारले, की घरातली माणसं आधी दार लावून घेतात. मुलगा आपला आणि मुलगी तथाकथित वरच्या जातीची असेल, तर लग्नाचा विचार मागे पडतो आणि जिवाची काळजी पुढे येते. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही गावांची नावं आपल्याला कशामुळे पाठ आहेत, हे सांगायला नको.

अमेरिकेत याच अर्थाचा शब्द आहे ‘इलोपमेंट’. पूर्वी तिथेही तो घरच्यांना चुकवून पळण्यासाठीच वापरला जाई. आज त्याचा अर्थ बदललाय. दोघांनीच, किंवा फार तर चार-सहा माणसांना घेऊन, एखाद्या डोंगरात किंवा तळ्याकाठी केलेलं लग्न म्हणजे इलोपमेंट. पळायचं असतं, पण मागे कुणी लागलेलं नसतं.

माझी मावसबहीण डेन्व्हरला नोकरी करते. तिचा जोडीदार पश्चिम महाराष्ट्रातला मराठा मुलगा, तोही तिथेच असतो. दोघांनी रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये असं लग्न करायचं ठरवलंय. तिने मला तयारीची यादी पाठवली आणि म्हणाली, “ताई, तू अशा जोडप्यांचे कागद रोज बघतेस. यात काही राहिलंय का सांग.”

यादी मी दोनदा वाचली. पार्कमध्ये लग्नासाठी परवाना लागतो, आणि दर महिन्याला ठरावीकच परवाने मिळतात, म्हणून अर्ज लवकर करायचा. विधी कुठेही करता येत नाही. स्प्रेग लेक, लिली लेक, थ्री-एम कर्व्ह अशा नेमून दिलेल्या जागांतूनच एक निवडावी लागते. उन्हाळ्यात तिथे दुपारनंतर विजांचं वादळ येतं, म्हणून सकाळची वेळ धरायची. स्प्रेग लेक साधारण ८,७०० फुटांवर आहे, तेव्हा दम लागणाऱ्यांनी आदल्या दिवशीच खालच्या एस्टेस पार्क गावात मुक्काम करायचा.

मी थांबले ते कायद्याच्या कागदांपाशी. कोलोरॅडोत लग्नाचा परवाना काउंटीच्या कारकुनाकडून मिळतो आणि त्यासाठी थांबण्याची मुदतच नाही. परवाना ३५ दिवस चालतो. लग्न झाल्यावर ६३ दिवसांच्या आत सही केलेला कागद परत द्यायचा. साक्षीदार लागत नाहीत. लग्न लावणारा पुरोहित किंवा अधिकारीही लागत नाही. दोघं आपलं लग्न आपणच लावू शकतात. भटाशिवाय लग्न लावण्याचं काम जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली सुरू केलं, तेव्हा त्याला केवढा विरोध झाला! इथे तीच गोष्ट सरकारी फॉर्मवरचा एक रकाना आहे.

आता आपल्याकडचे कागद पाहा. विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असायला हवं. मग विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते आणि पुढचे ३० दिवस हरकतींसाठी मोकळे असतात. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते. म्हणजे ज्या गावातून मुलगी जीव मुठीत धरून निघाली, त्याच भागातल्या कार्यालयात तिचं नाव, पत्ता आणि जोडीदार कोण, हे सरकारच पोहोचवतं. शेवटी तीन साक्षीदारांच्या सह्या. घर सुटलेल्या जोडप्याला हे तिघे कुठून मिळतात? बहुतेक वेळा कार्यकर्तेच उभे राहतात. त्या फलकापुढे उभं राहून मोबाइलवर फोटो काढणारा माणूस मी पाहिलाय. तो कुणाचा नातेवाईक होता ते आम्हाला संध्याकाळी कळलं, आणि त्या रात्री आम्ही जोडप्याची जागा बदलली.

यावर काहीजण म्हणतील, हिंदू विवाह कायद्याने लग्न करा, तिथे नोटीस नाही. खरं आहे. त्या कायद्याच्या कलम २ नुसार बौद्धही त्यात येतात. पण १९५६ नंतर तिसऱ्या पिढीनेही सुरक्षित राहण्यासाठी ‘हिंदू’ नाव असलेल्या कायद्याच्या दारातूनच जावं का? आणि जोडीदार मुस्लिम किंवा ख्रिश्चन असेल, तर तेही दार बंद. धर्म मध्ये न आणता लग्न करू पाहणाऱ्यांसाठीच १९५४ चा कायदा आहे, आणि फलकावर नेमकं त्यांचंच नाव लागतं.

अमेरिकेची आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. हे डोंगर मूळचे यूट आणि अरापाहो लोकांचे. त्यांना हुसकावल्यानंतर १९१५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. तेव्हा कोलोरॅडोच्या मोठ्या भागात काळ्या आणि गोऱ्या माणसांनी एकमेकांशी लग्न करायला कायद्याने बंदी होती. ती १८६४ सालापासूनची, आणि उठली १९५७ साली. म्हणजे उद्यान उघडल्यावर ४२ वर्षं हा डोंगर तितकाच सुंदर होता, पण सगळ्यांच्या लग्नासाठी नव्हता. व्हर्जिनियात मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याला १९५८ साली रात्री घरात शिरून अटक झाली. ती दोघं लढली, आणि १९६७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले. तोवर १६ राज्यांत ते चालू होते. आज तळ्याकाठी निवांत फोटो काढणाऱ्या जोडप्यांची सोय निसर्गाने केलेली नाही. ती कायद्याने केली, आणि कायदा माणसांनी लढून बदलला.

मावसबहिणीच्या यादीतली एक ओळ मात्र मला खटकली: ‘घरी इतक्यात सांगायचं नाही.’ मुलाच्या घरी आडनाव विचारतील, जात कळेल, म्हणून वर्षभर गप्प राहू, असं त्याचं म्हणणं. मी तिला स्पष्ट सांगितलं, लहान लग्न आणि लपवलेलं लग्न यात फरक आहे. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत राहत्या घरी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. माणसं मोजकीच होती, पण लपवण्यासारखं काही नव्हतं. इथे जिवाला धोका असलेल्या जोडप्याने लपणं ही मजबुरी आहे. सात समुद्रापलीकडे सुरक्षित असताना लपवणं म्हणजे बायकोच्या जातीची लाज सोबत घेऊन संसाराला लागणं. आंतरजातीय विवाहाने जात मोडते, हे ‘जातिसंहार’मधलं म्हणणं आहे, पण जात लपवून केलेल्या लग्नात ती मोडत नाही, नुसती दुसऱ्या घरात राहायला जाते. तिने त्याला हे जसंच्या तसं वाचून दाखवलंय. उत्तर अजून यायचंय. ते आल्याशिवाय परवान्याचे पैसे भरू नकोस, एवढंच मी तिला म्हणाले.

आपल्या तरुणांनी काय करायचं? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याबाबत निर्देश दिले. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कुठे बसतो, त्याचा फोन कोण उचलतं, हे लेखी विचारा. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्यावर सोडलं. तो निकाल वाचा, वकिलांशी बोला, आणि नोटिशीची सक्ती कायद्यातूनच काढण्याची मागणी प्रत्येक परिषदेच्या ठरावात घ्या. साक्षीदार म्हणून उभं राहायला तयार असलेल्या तिघांची यादी प्रत्येक विहारात असू द्या.

डेन्व्हरच्या मुलीला एका भेटीत जो कागद मिळतो, तो तालुक्याच्या मुलीलाही मिळाला पाहिजे. त्यासाठी तिला व्हिसा लागू नये.

जय भीम.