कचऱ्याची खोली

इंदूरला आलात की सराफा आणि छप्पन दुकान पाहालच. पण एकदा सकाळी रामबागच्या गल्लीतही थांबा. कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की घराघरांतून माणसं डबे घेऊन बाहेर येतात. महापालिकेने रस्त्यांवरच्या कचरापेट्या काढल्या, दारोदारी गाड्या सुरू केल्या आणि २०१७ साली शहर स्वच्छतेत देशात पहिलं आलं.

पेट्या गेल्या, मग गाडी येईपर्यंत मोठ्या सोसायटीचा कचरा ठेवायचा कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते ठरवून दिलं: २०० पेक्षा जास्त घरं किंवा ५,००० चौरस मीटरहून मोठा भूखंड असेल, तर कचरा वेगळा करायला आणि साठवायला आराखड्यातच जागा राखायची.

आमच्या सोसायटीतही तशी खोली होती. तिच्यात जुन्या सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू. ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या मावशी मात्र बाहेर उन्हात बसायच्या.

यंदा आम्ही मुलांनी खोली रिकामी केली, नळ बसवून घेतला. पहिल्या दिवशी मावशींनी दाराबाहेर चपला काढल्या. आम्हालाच लाज वाटली. नकाशावर ती जागा पहिल्यापासून त्यांच्याच कामाची होती.