गाडी फिरतेच कुठे, मग सर्व्हिसिंग कशाला?



आमच्या मंडळात परवा गाड्यांचा विषय निघाला. एक वहिनी म्हणाल्या, "आमची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरसुद्धा होत नाही. तरी वर्ष झालं की सर्व्हिसिंगसाठी फोन येतो. हे म्हणतात, दहा हजार होऊ देत, मग बघू." पाच-सहा जणींनी माना डोलावल्या, कारण घरोघरी हेच चालू आहे. चार हजारांच्या हिशेबाने दहा हजार व्हायला अडीच वर्षं लागतात. तेवढा खर्च वाचला, असं वाटतं.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक एकदा कपाटातून काढा. आमची वॅगन आर पेट्रोलवरची आहे. तिची पहिली सर्व्हिस १,००० किलोमीटर किंवा १ महिना, दुसरी ५,००० किंवा ६ महिने, तिसरी १०,००० किंवा १२ महिने आणि पुढे दर १०,००० किलोमीटर किंवा दर वर्षी. यातलं जे आधी होईल ते धरायचं. पुरुषमंडळी किलोमीटर वाचतात आणि पुढचे महिने सोडून देतात! (पहिल्या तीन सर्व्हिस 'फ्री' म्हणतात, पण फुकट असते ती फक्त मजुरी. ऑइलचे पैसे द्यावेच लागतात.)

आपल्या गाड्या जातात कुठे? सकाळी मंदिर, मग मुलांची शाळा, संध्याकाळी बाजार. दोन किलोमीटर गेलो की गाडी बंद. खरी गोम इथेच आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन थंड असेल तर त्यातली थोडी वाफ आत उतरते आणि झाकण ठेवलेल्या पातेल्याला आतून घाम येतो तसं तिचं पाणी होतं. थोडं न जळलेलं पेट्रोलही ऑइलमध्ये मिसळतं. गाडी अर्धा तास सलग चालली तर ऑइल चांगलं तापून हे दोन्ही उडून जातं. दोन किलोमीटरात ते कोमट होतं न होतं तोच आपण किल्ली काढतो. म्हणून हायवेवर एका दमात झालेले चार हजार किलोमीटर आणि गल्लीबोळातले चार हजार सारखे नसतात. गल्लीतले ऑइलला जास्त जड जातात. कंपन्याही छोट्या फेऱ्या आणि धुळीचे रस्ते हा कठीण वापर धरतात आणि त्यासाठी मुदत कमी देतात. ऊसतोडणीच्या दिवसांत आमच्या शिरोळ भागातले रस्ते पाहिलेत ना? त्या मोसमानंतर एअर फिल्टर उघडून बघायला सांगा. झाडून निघणारी माती पाहून तुम्हीच बदला म्हणाल.

पण इंजिन ऑइल जुनं झालं तर फार तर खिशाला भार. मला खरी काळजी ब्रेक ऑइलची वाटते. आमची लेक रत्नागिरीला असते, म्हणजे आंबा घाट आलाच. मागे ऐंशी वर्षांच्या सासूबाई आणि मांडीवर नातू. ब्रेक ऑइलचा स्वभावच असा की ते हवेतला ओलावा शोषतं. गाडी फिरो की दारात उभी राहो, ते मुरत राहतं. घाट उतरताना ब्रेक सतत दाबला की ते तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही. गावात हे कधीच कळत नाही, कारण तिथे ब्रेक तेवढे तापतच नाहीत. ह्यांचंही तेच म्हणणं होतं, "ब्रेक तर छान लागतात की."

दिवाळीला निघण्याआधी मी जुनी बिलं काढून बसले. दोन वर्षांच्या बिलांवर ब्रेक ऑइलपुढे 'टॉप-अप' लिहिलं होतं. टॉप-अप म्हणजे कमी झालेलं वर भरलं, जुनं आतच राहिलं. शिळ्या आमटीत ताजी वाटीभर ओतावी, तसं. बदलायचं असेल तर पूर्ण काढून, सगळ्या चाकांपर्यंत नवं खेळवावं लागतं. ते साधारण दर दोन वर्षांनी करायचं असतं. आम्ही ते करून घेतलं आणि मगच निघालो. तरीही घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, हे मी मागून सांगतेच. ह्यांना ते आवडत नाही, तो भाग वेगळा.

वर्कशॉपमध्ये मात्र सगळ्याला हो म्हणू नका. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग, चमकेचं कोटिंग अशी यादी पुढे येते. "पुस्तकातल्या तक्त्यात हे कुठे आहे, दाखवा," एवढंच शांतपणे विचारा. बरीचशी नावं आपोआप गळतात. बदललेले जुने भागही मागून बघा. आणि बिलं फाईलला लावा, दरवर्षी शोधाशोध नको.

टायरची जाडी चांगली दिसली तरी वय बघा. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा.

चातुर्मासाचं वेगळं सांगते. देशव्रत घेतलेल्या घरी गाडी चार-चार महिने गेटच्या आत असते. मग कुणीतरी रोज पाच मिनिटं नुसतीच चालू करून ठेवतं. त्याने वर सांगितलेलं पाणीच वाढतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, नियमाच्या हद्दीत, अर्धा तास फिरवून आणा.

उभ्या गाडीत उंदीरही शिरतात आणि वायरी कुरतडतात. बाजारात चिकट पुठ्ठे मिळतात, पण त्यावर जीव तडफडत मरतो. ते आपल्याकडे नकोच. इंजिनाच्या खालच्या बाजूला जाळी बसवून मिळते, ती बसवा. धान्याची पोती गाडीजवळ ठेवू नका. शेड बंदिस्त असेल तर रात्री बॉनेट उघडं आणि दिवा चालू ठेवा. उंदरांना अंधार लागतो. आणि थंडीच्या सकाळी किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. आमच्याकडे एकदा आतून मांजरीचं पिल्लू उडी मारून पळालं होतं.