संगणकाचे बिऱ्हाड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबविला आणि नाहूरच्या आमच्या धर्मग्राम-कार्यालयातील संगणक एका रात्रीत म्हातारा ठरला. वास्तविक तो चालत होता. परंतु 'विंडोज ११' ला जी सुरक्षेची चीप लागते ती त्याच्यात नव्हती. म्हणून नवा संगणक आला आणि जुन्याचे बिऱ्हाड हलविण्याचे काम आमच्या वाट्याला आले.

बिऱ्हाड हलविणे आमच्या भागाला नवीन नाही. भांडुप आणि मुलुंडच्या मध्ये वसलेल्या या वस्तीत जुनी घरे पडतात, टॉवर उठतात आणि टेम्पोत रचलेली कपाटे व गाद्या आम्ही नेहमीच पाहतो. सामान एका दिवसात जाते. शिधापत्रिका, गॅसची जोडणी आणि टपाल यांना नवा पत्ता समजायला महिने लागतात. संगणकाचेही तसेच. फायली म्हणजे सामान, ते पेन ड्राइव्हवर घालून नेता येते. खाते म्हणजे त्या घरात राहणारे माणूस. विंडोज प्रत्येक खात्याला आतून एक लांबलचक क्रमांक देते. नव्या यंत्रावर त्याच नावाचे खाते उघडले, तरी त्याला क्रमांक वेगळा मिळतो. जुने फोल्डर मग त्याला ओळखत नाही, कारण ते नाव पाहत नाही, क्रमांक पाहते.

पहिली अडचण मात्र खात्यांची नव्हे, अक्षरांची आली. १९८३ च्या धर्मसंहितेचा ५३५ वा नियम सांगतो, की प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांची दप्तरे असावीत, आणि माणसाचे दृढीकरण, विवाह इत्यादी नोंदी त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीपाशी केल्या जाव्यात. ती दप्तरे कागदाची आहेत आणि कागदाचीच राहणार. संगणकावर आहे ती त्यांची सूची : नाव, तारीख, पान. पण ही सूची जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली होती. त्या काळच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. फॉन्ट असेपर्यंत 'डिसोझा' दिसे. नव्या यंत्रावर फॉन्ट नसताच तेथे रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक सडा पडला.

सुदैवाने त्या सड्यालाही नियम असतो. एक अक्षर दर वेळी एकाच चिन्हाने लिहिलेले असते. म्हणून रूपांतर करणारा प्रोग्राम ते युनिकोडमध्ये आणू शकतो. गोची होते ती पहिल्या वेलांटीची. जुने फॉन्ट ती डोळ्यांना दिसते तशी, अक्षराच्या आधी साठवीत; युनिकोड ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवते. वेलांटी जागची न हलविता रूपांतर केले, की 'डि' मोडतो आणि शोधणाऱ्याला डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो यांपैकी कोणीही सापडत नाही. आमच्यासारख्या धर्मग्रामात मग उरले कोण? प्रत्येक नाव कागदाच्या दप्तराशी ताडून पाहण्यात कितीतरी संध्याकाळी गेल्या.

मराठीने रोमन लिपीत दिवस काढण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले ते रोमन लिपीतच, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. त्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. आज त्यांपैकी एकही छापील प्रत अस्तित्वात असल्याचे ज्ञात नाही. पुराण जगले ते हस्तलिखितांमुळे, हाताने नकला करणाऱ्या अनामिक भाविकांमुळे. त्यांच्याच आधारे जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. पुढे लंडनच्या मार्सडन संग्रहात देवनागरी हस्तलिखितही सापडले. नक्कल करणे हे कारकुनी काम आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सूची आली, हिशेब आले. राहिले एक खाते. कार्यालयाचा कारभार अनेक वर्षे सांभाळणाऱ्या आमच्या लिपिक बाई वारल्या. त्यांचे खाते त्यांच्या नावाने तसेच होते आणि त्याचा पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला होता. मदतीला आलेला अभियंता तरुण म्हणाला, "फादर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आपण फोल्डरची मालकी घेऊ शकतो. दोन मिनिटांचं काम."

काम दोन मिनिटांचे होते हे खरे. पण त्या खोलीत केवळ बाई राहत नव्हत्या. लोकांची पत्रे त्या लिहून देत : शाळेच्या फीसाठी विनंत्या, इस्पितळाला पत्रे, नवरा-बायकोच्या भांडणातले मसुदे. लोक ते बाईंना सांगत, संगणकाला नव्हे. पुढे येणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला तर नव्हेच. आम्ही थांबलो. बाईंच्या मुलीला बोलाविले आणि तिच्या समक्ष फोल्डर उघडले. धर्मग्रामाचे ते धर्मग्रामासाठी घेतले. आईची छायाचित्रे, पाककृती आणि नाताळच्या गाण्यांची एक वही मुलीने नेली. लोकांची पत्रे आम्ही नव्या यंत्रावर घेतली नाहीत. तरुणाला ते पटले नाही. "जागा भरपूर आहे, फादर. असू द्या, कधी लागतील." जागा आहे म्हणून दुसऱ्याची दुःखे साठवून ठेवावीत, हे आम्हाला पटले नाही.

त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पुढे एक विधवा भगिनी बाईंनी लिहून दिलेल्या जुन्या पत्राची प्रत मागायला आली. घराच्या कागदपत्रांसाठी तिला ती हवी होती. प्रत नव्हती. तिने तोंडी सांगितले, आम्ही पत्र नव्याने लिहिले, आणि त्यात तिची एक दुपार गेली. जाताना तिने विचारले, "त्या जुन्या पत्रात बाकीचंही होतं ना, ते कुणी वाचलं तर नाही?" नाही, असे आम्ही सांगू शकलो.

नव्या संगणकावर आता व्यक्तींच्या नावाची खाती नाहीत. प्रत्येक कामाचे एक आहे, कार्यालय, हिशेब, दप्तर. पासवर्ड लाखबंद पाकिटात तिजोरीत आहेत, आणि आमची बदली होईल तेव्हा ते पाकीट दप्तरांबरोबर मोजून पुढच्या धर्मगुरूंच्या हाती जाईल. जुन्या यंत्रातील डिस्क काढून त्या तरुणाने आमच्यासमोर तिला ड्रिलने तीन भोके पाडली. उरलेला सांगाडा भंगारवाल्याने नेला.