शनिवारची डेट, सासऱ्यांसोबत!

शनिवार सकाळ म्हणजे लोळायचा हक्काचा टाइम, राइट? माझी मात्र सासऱ्यांसाठी बुक असते. कधी बँकेत पासबुक भरणं, कधी नळाचा वॉशर. या वेळी होता बुडाशी गळणारा तांब्याचा हंडा.

‘बाबा, नवा ऑनलाइन मागवू?’ म्हटलं, तर नुसते बघत राहिले. हंडा सासूबाईंचा. त्या गेल्यापासून बाबा पेठेत फिरकलेच नव्हते.

पिंपरीहून मेट्रो पकडली. सप्टेंबर २०२४पासून ती जमिनीखालून थेट कसब्यात येते. सरकत्या जिन्यावर बाबांनी माझा हात घट्ट धरला. वर येताच सोडला. पुढे गाइड तेच!

तांबट आळी दिसायच्या आधीच ऐकू येते. हातोडीच्या एकेका ठोक्यानं भांड्यावर खळगे उठवतात, ते मठारकाम. त्यानं झळाळी येते, पत्राही टणक होतो. हे सगळं बाबांनीच सांगितलं. किती दिवसांनी एवढं बोलले!

कारागिरानं हंडा उलटा करून पाहिला. ‘होईल आजोबा. पुढच्या शनिवारी न्या.’

परतताना बाबांनी हळूच विचारलं, ‘पुढच्या शनिवारी तुला काम नाही ना गं?’

तुमच्याही घरी असेल एखादी गळकी वस्तू. बघा जरा!